विलमोरचे सोळा दिवस : एका न संपलेल्या उपासनेचं प्रकरण

८ फेब्रुवारी २०२३, बुधवार. अमेरिकेच्या केंटकी राज्यातलं विलमोर हे जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव. तिथल्या ॲस्बरी युनिव्हर्सिटीत सकाळी दहाची उपासना आटोपली आणि त्या दिवशी संदेश देणारे झॅक मीरक्रीब्ज खट्टू मनाने व्यासपीठावरून खाली उतरले. ते तिथल्या फुटबॉल संघाला विनामोबदला शिकवायचे. आपलं बोलणं पार फसलं असं त्यांना वाटत होतं. तसं त्यांनी बायकोला मेसेज करून कळवलं आणि लवकरच घरी येतो म्हणाले. त्यांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय घेतला होता, 'प्रीतीमध्ये ढोंग नसावे' तो भाग. देवाची प्रीती आधी स्वतः अनुभवली नाही तर दुसऱ्यावर तशी प्रीती करता येत नाही, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता.

शेवटचं गीत सुरू झालं आणि मुलं आपापल्या तासाला निघाली. अठरा-वीस जण मात्र उठलेच नाहीत. गायनमंडळ गात राहिलं, ही मुलं बसून राहिली. दुपारनंतर गेलेली मुलंही परतू लागली. रात्र झाली तरी सभागृहात गाणं चालूच होतं. ती उपासना थेट २३ फेब्रुवारीपर्यंत चालली, आणि तोवर पन्नास ते सत्तर हजार माणसं त्या गावात येऊन गेली होती.

मी एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, चौदा वर्षं तरुण संघाचं काम बघतोय. मंडळीच्या वार्षिक सभेत एक वाक्य दर वर्षी कोणीतरी उच्चारतंच, 'तरुण येत नाहीत.' मग उपाय ठरतात. बाहेरगावचा नामांकित वक्ता, भाड्याचा साउंड, मागे पडदा, शेवटी बिर्याणी. काही वर्षांपूर्वी आम्ही अशीच दोन दिवसांची संजीवन सभा, म्हणजे श्रद्धा नव्याने जागी व्हावी म्हणूनची सभा, घेतली. मांडव भरला, फोटो झाले. पुढच्या रविवारी तरुण संघात नेहमीचेच सहा जण होते. तेव्हापासून विलमोरचं प्रकरण मला स्वस्थ बसू देत नाही. तिथे आमच्या यादीतलं काहीच नव्हतं, आणि मुलं उठायला तयार नव्हती. जे सापडलं, समजलं ते इथे सविस्तर मांडतोय. आमच्यासारखं काम करणाऱ्यांना ते उपयोगी पडावं, एवढीच इच्छा आहे.

जागा कशी आहे

ॲस्बरी हे १८९० साली निघालेलं, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या वळणाचं छोटं विद्यापीठ. सगळे मिळून विद्यार्थी दोन हजारांच्या आत. आठवड्यातून तीनदा उपासना आणि तिला हजेरी सक्तीची. म्हणजे त्या बुधवारी सभागृहात बसलेली मुलं काही ओढीने आलेली नव्हती. हजेरी लागते म्हणून आलेली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर ज्या कथा पसरल्या त्यांत सगळी मुलं पहिल्यापासून प्रार्थनेत बुडालेली दिसतात. तसं नव्हतं. आपल्याकडे आईच्या धाकाने रविवारच्या शब्बाथ शाळेत येणारी मुलं असतात, तशीच ही.

सभागृहाचं नाव ह्यूज ऑडिटोरियम. साधारण दीड हजार जागा, लाकडी खुर्च्या, समोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत वचन : 'परमेश्वराप्रीत्यर्थ पवित्र'. या जागेला स्वतःची एक आठवण आहे. ३ फेब्रुवारी १९७० रोजी इथेच डीन कस्टर रेनॉल्ड्स बोलायला उभे राहिले आणि स्वतः संदेश न देता त्यांनी मुलांनाच साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा स्वतःला आलेला अनुभव सांगायला, बोलावलं. एकामागून एक मुलं पुढे आली, ती थांबेनात. १४४ तास अखंड प्रार्थना चालली, आठवडाभर वर्ग बंद ठेवावे लागले. मग विद्यार्थ्यांचे गट किमान १३० महाविद्यालयांत जाऊन आपल्याला काय झालं ते सांगत फिरले. त्याही आधी, फेब्रुवारी १९०५ मध्ये, बाहेर हिमवादळ चालू असताना मुलांच्या वसतिगृहातली एक प्रार्थनासभा बाहेर पडून गावभर पसरली होती.

म्हणून २०२३ साली गावातल्या वयस्क माणसांना जे दिसत होतं ते ओळखीचं होतं. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. मुलं रात्री घरी आली नाहीत, वर्गात आली नाहीत, सभागृहात रडतायत, हे ऐकून कुठल्याही संस्थेचा पहिला विचार दार बंद करण्याचा असतो. इथे दारापाशी उभ्या असलेल्यांपैकी काहींनी १९७० साली त्याच खुर्च्यांवर बसून प्रार्थना केली होती.

त्या दुपारी काय घडलं

हजर असलेल्यांच्या सांगण्यात एक क्षण पुन्हा पुन्हा येतो. थांबलेल्या मुलांपैकी एक जण उठला आणि त्याने आपली काही पापं सगळ्यांसमोर कबूल केली. हवा तिथून बदलली, असं ते सांगतात.

मी हे वाचून बराच वेळ थांबलो होतो. आमच्या तरुण संघात आम्ही खेळ घेतो, बायबल प्रश्नमंजूषा घेतो, करिअरवर व्याख्यानं ठेवतो. आपण चुकलो हे एखाद्या मुलाला मोठ्याने म्हणता येईल अशी जागा आम्ही कधी ठेवली का? साक्ष द्यायला आम्ही मुलांना उभं करतो, पण 'देवाने मला परीक्षेत पास केलं' याच्या पुढे ती साक्ष सहसा जात नाही. मुलंही शहाणी असतात. मंडळीत काय बोललं की मोठ्यांना बरं वाटतं हे त्यांना दहाव्या वर्षीच कळतं. 'प्रीतीमध्ये ढोंग नसावे' हे ऐकून तासाभरात कोणीतरी ढोंग टाकून दिलं, हा त्या सकाळचा सगळ्यात मोठा भाग आहे. संदेश फसला होता की नाही, हे मग कोणी विचारत बसलं नाही.

विद्यापीठाचे अध्यक्ष केव्हिन ब्राउन यांनी त्या दिवशी सगळ्यांना दोन ओळींचा निरोप पाठवला : ह्यूजमध्ये उपासना चालू आहे, यायचं त्यांनी यावं. एवढंच. वर्ग चालू राहिले.

संध्याकाळपर्यंत जबाबदारीतली मोजकी माणसं सभागृहाच्या कडेला असलेल्या एका अडगळीच्या खोलीत जमली. त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी साधा होता : पुढचे काही तास काय करायचं? महिन्याचं नियोजन नव्हतं, नाव नव्हतं, बोधचिन्ह नव्हतं. पुढे सोळा दिवस ते असेच काही तासांपुरतं ठरवत गेले.

जे त्यांनी केलं नाही

या प्रकरणातला माझ्या दृष्टीने खरा अभ्यासाचा भाग इथून सुरू होतो. बातम्या गर्दीच्या आल्या, मुलांच्या अश्रूंच्या आल्या. पण तरुणांची आच आणि तिची जत्रा यांच्यामध्ये जे अंतर राहिलं ते काही वडीलधाऱ्यांनी जिवापाड जपल्यामुळे राहिलं.

आधी नावाचंच बघा. अशा घटनेला अमेरिकेत जो रूढ शब्द आहे, आपण ज्याला संजीवन म्हणतो, तो विद्यापीठाने स्वतः वापरायचं टाळलं. ते 'वर्षाव' म्हणत राहिले. संजीवन झालं की नाही हे फळांवरून, आणि तेही काही काळाने कळतं. आजच छातीठोकपणे कशाला सांगायचं, असा त्यामागचा विचार. आपल्याकडे सभा भरायच्या आधीच फलकावर 'महासंजीवन' छापलेलं असतं.

मग प्रसिद्ध माणसं यायला लागली. नावाजलेले गायक आले, मोठ्या मंडळ्यांचे पाळक आले. त्यांना खुर्ची मिळाली, व्यासपीठ मिळालं नाही. एका मोठ्या वृत्तवाहिनीच्या प्रख्यात सूत्रसंचालकाला तिथून कार्यक्रम करायचा होता. त्याला नम्रपणे नका येऊ म्हणून कळवण्यात आलं. कोण गातंय, कोण बोलतंय, त्यांची नावं सांगितली जात नव्हती. पियानो, गिटार, थोडा ताल. गीतांचे शब्द पडद्यावर येत नव्हते. ज्याला येतं त्याने म्हणायचं, नाही येत त्याने ऐकायचं. थेट प्रक्षेपण करू नका अशी विनंती करणाऱ्या पाट्या लावल्या. त्या पाट्यांना न जुमानता टिकटॉकवर चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या, ती गोष्ट वेगळी.

गायला जाणाऱ्यांसाठी मागे एक खोली राखून ठेवली होती. व्यासपीठावर जाण्याआधी तिथे बसायचं, इतरांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, मन तपासायचं, आणि मगच पुढे जायचं. आमच्या गायनमंडळात कोणाचा आवाज पुढे लागला आणि कोणाला ओळ मिळाली नाही यावरून आठवडाभर अबोला धरलेला मी पाहिलाय. त्या खोलीची कल्पना ज्याला सुचली त्याला माणसाचं मन ठाऊक होतं.

वेदीपाशी येणाऱ्या मुलांसोबत प्रार्थना करायला तयारी करून घेतलेली माणसं नेमली होती. यावर थोडं थांबायला हवं. वीस वर्षांचं पोर रडत पुढे येतं, काहीतरी फार खाजगी सांगतं. ते ऐकणारं माणूस चुकीचं असेल तर त्या पोराचं आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं. आपल्याकडे भावनेच्या भरात सगळ्यांसमोर बोललेली गोष्ट दुसऱ्या दिवशी गल्लीत पोचते. पापकबुलीला वाव द्यायचा तर ती ऐकणाऱ्यांची शिस्त आधी लागते, आणि हे काम व्यासपीठावरच्या कामापेक्षा कठीण आहे.

ॲस्बरी थिऑलॉजिकल सेमिनरी रस्त्यापलीकडेच आहे, धर्मशिक्षण देणारी स्वतंत्र संस्था. तिथले प्राध्यापक टॉम मॅकॉल पहिल्या आठवड्यातच जाऊन आले आणि त्यांनी आपला अनुभव लिहिला. कसलाही दबाव नव्हता, कोणी मुद्दाम भावना चेतवत नव्हतं, वातावरण शांत होतं, असा त्याचा आशय. हजारो माणसं एका सभागृहात असताना शांतता टिकणं हे मला गाण्याहून मोठं नवल वाटतं.

गर्दी, गोवर आणि शेवट

दुसऱ्या आठवड्यात गाव बुडालं. १७ ते १९ फेब्रुवारी, शुक्रवार ते रविवार, रस्ते तुंबले. थंडीत माणसं तासन् तास रांगेत उभी होती, हिरवळीवर पडदा लावून आतली उपासना बाहेर दाखवावी लागली, सेमिनरीची प्रार्थनालयंही भरली. दोनशेहून अधिक महाविद्यालयांतले विद्यार्थी आले, परदेशांतूनही माणसं आली. सहा हजारांच्या गावात स्वच्छतागृहं किती असणार, गाड्या कुठे लावणार? मोफत खाणं वाटणारे शेजारी होते, सॅल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती सेवाभावी संघटना होती. तरी गावाची ताकद संपत आली होती.

त्यातच १७ आणि १८ फेब्रुवारीला आलेल्यांपैकी एकाला गोवर असल्याचं पुढे निष्पन्न झालं. लस न घेतलेली, नुकतीच परदेशातून आलेली ती व्यक्ती. त्या दोन दिवसांत सुमारे वीस हजार लोक तिथे होते, म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मार्चच्या सुरुवातीला देशभरातल्या डॉक्टरांना सावध केलं. भक्तीच्या लेखांत हे सहसा येत नाही. मी मुद्दाम घेतोय, कारण लेकरांना एकत्र जमवणाऱ्याने त्यांच्या जिवाचीही काळजी वाहायची असते, आणि प्रार्थनेत रमलेल्या माणसांच्या हातून ती सुटण्याचा धोका मोठा असतो.

शेवटच्या दिवसांत विद्यापीठाने निर्णय घेतला. सगळ्यांसाठीची उपासना थांबवायची आणि उरलेल्या संध्याकाळी पंचवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी राखायच्या. त्याआधीच रांगेत तरुणांना पुढे घेतलं जात होतं. मैलोन् मैल गाडी चालवून आलेल्या साठीच्या माणसांना बाहेर ठेवणं सोपं नसणार. पण ज्यांच्यात हे सुरू झालं त्यांच्याच हातून ते निसटून मोठ्यांचं यात्रास्थळ होत चाललं होतं, हे त्यांनी ओळखलं. २३ फेब्रुवारीला महाविद्यालयांसाठीचा राष्ट्रीय प्रार्थना दिवस होता. त्याचं प्रक्षेपण ॲस्बरीतून व्हायचं हे आधीपासूनच ठरलेलं होतं. त्या दिवसाबरोबर सगळं मिटवलं. तुम्ही आत्म्याचं काम थांबवताय का, असं लोकांनी विचारलं. जे आम्ही सुरूच केलं नाही ते आम्ही थांबवणार कसं, अशा अर्थाचं उत्तर ब्राउन यांनी दिलं.

मला विचाराल तर थांबण्याचा निर्णय हा सोळा दिवसांतला सगळ्यात धाडसी निर्णय. दीड हजाराच्या सभागृहाबाहेर रांग लागलेली असताना, जगाचे कॅमेरे रोखलेले असताना, देणग्यांचा ओघ लावता येण्यासारखा असताना त्यांनी दारं लावली आणि मुलांना अभ्यासाकडे परत पाठवलं. तिथे वर्षभराचा सोहळा उभा राहिला असता. राहिला नाही.

हे कशाचं उदाहरण आहे आणि कशाचं नाही

आता सावधपणे बोललं पाहिजे. 'अमेरिकेतले तरुण ख्रिस्ताकडे परतले' असं या प्रकरणावरून म्हणणं चूक ठरेल. तिथे आलेल्यांतले बहुतेक जण आधीच ख्रिस्ती घरांतले, मंडळ्यांत वाढलेले होते. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३-२४ च्या मोठ्या पाहणीत अमेरिकेतल्या प्रौढांपैकी ६२ टक्के स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. २००७ मध्ये हा आकडा ७८ टक्के होता. घसरण गेल्या काही वर्षांत मंदावली आहे हे खरं. पण सगळ्यात तरुण गटात हे प्रमाण ४६ टक्के आणि सगळ्यात वृद्ध गटात ८० टक्के आहे. एवढी मोठी दरी सोळा दिवसांत भरत नसते.

आणखी एक प्रश्न तेव्हा विचारला गेला. समलिंगी विद्यार्थ्यांना त्या सभागृहात किती मोकळं वाटलं असेल? विद्यापीठाची या बाबतीतली भूमिका पारंपरिक आहे. तो प्रश्न मला गैरलागू वाटत नाही. 'सगळ्यांसाठी दार उघडं' असं आपण म्हणतो तेव्हा त्या दारातून आत यायला कोण कचरतं, हे बघणं आपलंच काम आहे.

तरीही काहीतरी हललं आहे, आणि ते एका गावापुरतं नाही. त्याच महिन्यात अलाबामातल्या सॅमफर्ड, टेनेसीतल्या ली, ओहायोतल्या सीडरव्हिल अशा विद्यापीठांत मुलं उपासनेनंतर थांबू लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये ऑबर्न विद्यापीठाच्या क्रीडागृहातल्या प्रार्थनासभेनंतर सुमारे दोनशे विद्यार्थ्यांनी जवळच्या तळ्यात बाप्तिस्मा घेतला. तिकडे फ्रान्स हा धर्मापासून दूर गेलेला देश म्हणून ओळखला जातो. तिथे २०२५ च्या ईस्टरला १०,३८४ प्रौढांनी कॅथलिक मंडळीत बाप्तिस्मा घेतला; आदल्या वर्षी ते ७,१३५ होते. त्यांतले ४२ टक्के अठरा ते पंचवीस वयोगटातले. ही मुलं हजेरीच्या सक्तीने आलेली नव्हती, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरात प्रार्थनेची सवयही नव्हती.

कारण काय? एकच कारण सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. पण एक तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. विलमोरमध्ये उपासना चालू असतानाच, १३ फेब्रुवारी २०२३ ला, अमेरिकेच्या त्याच रोगनियंत्रण केंद्राने शाळकरी मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. २०२१ मध्ये तिथल्या किशोरवयीन मुलींपैकी ५७ टक्के सतत उदास किंवा हताश होत्या, आणि जवळजवळ तीनपैकी एकीच्या मनात आत्महत्येचा गंभीर विचार येऊन गेला होता. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारचे तेव्हाचे प्रमुख आरोग्य सल्लागार, सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी एकटेपणाला साथीच्या रोगाची उपमा देणारं निवेदन काढलं. ह्यूजमध्ये बसलेली मुलं याच पिढीची. कोविड आला तेव्हा ती शाळेत होती. त्यांची वर्षं खोलीत, पडद्यासमोर गेली. त्या मुलांना शेकडो जिवंत माणसांच्या मध्ये बसून, कोणी गुण न देता रडता आलं. त्यांना पडदा नको होता यात मला नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं, की आम्ही अजून त्यांना पडदाच देतोय.

१९०५, केडगाव

विलमोरच्या वसतिगृहातली १९०५ ची ती सभा आठवते? तिथे असलेल्या विद्यार्थ्यांत ई. स्टॅनली जोन्स होते. दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, ते मिशनरी म्हणून भारतात आले. गांधीजींचे स्नेही झाले, सातताल इथे आश्रम काढला, आणि १९७३ मध्ये याच देशात वारले. विलमोरचा धागा असा आपल्या देशापर्यंत येतो.

पण १९०५ च्याच जूनमध्ये, पुण्याजवळ केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात जे झालं त्यासाठी कुठलाही धागा अमेरिकेतून आणावा लागत नाही. तिथे राहणाऱ्या मुली दुष्काळातून वाचवलेल्या, अनाथ, बालविधवा. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातल्या धार्मिक जागृतीच्या बातम्या ऐकून रमाबाईंनी जानेवारीत रोजची प्रार्थना सुरू केली. सत्तर जणी येत. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. २९ जूनच्या पहाटे वसतिगृहात एक मुलगी आत्म्याच्या अग्नीने जागी झाली, आणि तिच्याभोवती आग बघून दुसरी बाई बादलीभर पाणी आणायला धावली, असं तिथल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत असताना मुली रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या. धडे थांबले.

मोठ्याने, सगळ्यांनी एकाच वेळी प्रार्थना करण्यावर तेव्हाही टीका झाली. हे रीतीला धरून नाही, असं काही मिशनरींना वाटलं. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. इतर देशांतल्या ख्रिस्ती लोकांत पवित्र आत्म्याला काम करायचं स्वातंत्र्य आहे तर भारतातल्या लोकांत का नसावं, असा त्यांचा सवाल होता. मूळ ग्रीक आणि हिब्रूवरून बायबलचं मराठी भाषांतर करायला बसलेली ही विदुषी. मुलींना गप्प करून व्याकरणशुद्ध प्रार्थना शिकवणं तिला सहज जमलं असतं. तिने तसं केलं नाही.

केडगावच्या मुलींचं वय, विलमोरच्या मुलांचं वय. पापकबुलीने झालेली सुरुवात. थांबलेला धडा. आणि कडेला उभं राहून पोरांना गप्प न करणारी जाणती माणसं. हे सगळं आपल्या मराठी मंडळीच्या स्वतःच्या वहीत लिहिलेलं आहे, आणि आम्ही ते शतकोत्सवाच्या स्मरणिकांपुरतं ठेवलं, याचं मला वाईट वाटतं.

आमच्याकडे

एवढं वाचून-लिहून झाल्यावर मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेलो. सोळा दिवसांचं काही मागितलं नाही. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी सात ते आठ आपलं प्रार्थनामंदिर उघडं ठेवा, एवढंच म्हटलं. वक्ता नाही, माइक नाही, मोबाइल दाराशी टोपलीत. पेटी असेल, 'उपासना संगीत' हे आपलं गीतपुस्तक असेल, नारायण वामन टिळकांचे अभंग ज्याला येतात तो म्हणेल. ज्याला बसून राहायचं तो बसेल. पाळकसाहेब म्हणाले, 'अहो, पण मुलं करतील काय?' त्यांची काळजी खोटी नव्हती. मलाही तीच होती.

त्याआधी आम्ही एक काम केलं. मंडळीतली दोन माणसं निवडली : एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आणि एक दवाखान्यात काम करणारे दादा. कोणाला बोलायचं असेल तर या दोघांशी. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, आईवडिलांपर्यंतही नाही. कोणाच्या जिवाला धोका असेल तर मात्र ते लपवून ठेवणार नाही, हेही मुलांना आधीच स्पष्ट सांगितलं.

पहिल्या शुक्रवारी अकरा जण आले. पंधरा मिनिटांनी चुळबुळ सुरू झाली, चार जण उठून गेले. दुसऱ्या महिन्यात सातच. मला वाटलं, फसलं. तिसऱ्या महिन्यात पावसाने वीज गेली होती, मेणबत्त्या लावून बसलो. आठ वाजले तेव्हा मी सवयीने चाव्या काढल्या. मागच्या बाकावर कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा बसला होता, तीन वर्षांत तरुण संघात एक शब्द न बोललेला. तो मला म्हणाला, 'दादा, अजून थोडा वेळ बसू का?'

मी चाव्या खिशात ठेवल्या आणि दारापाशी जाऊन बसलो. बाई त्याच्या शेजारच्या बाकावर सरकल्या. साडेनऊला ती दोघं बाहेर आली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मी विचारलेलंही नाही.